ओर्तेन्सियाच्या नावानं

१७ जानेवारी २०२४, बुधवार

काल सकाळी आजी गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती, म्हणजे अकाली म्हणता येणार नाही, तरी माझी तयारी नव्हती. तिनं कॉफी मागितली. मी करून नेली तोवर सगळं संपलं होतं. मग मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून ती कॉफी पिऊन टाकली, कारण काही टाकून दिलेलं तिला खपत नसे. आत्ता हे लिहिताना लाज वाटतेय.

शाळेच्या कपाटातून ही कोरी वही आणली आहे. आजीचं आयुष्य सरळ लिहून काढायचं, माझ्या जिनेव्रासाठी. ती पादोव्हाला शिकते, बावीस वर्षांची आहे. आज ना उद्या ती विचारेल, आणि तोवर माझंही अर्धं विसरून झालेलं असेल.

तर, ओर्तेन्सिया बेल्लेस्सो; आडनाव माहेरचं, तेच शेवटपर्यंत. जन्म १९२६, पो नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात, शेतमजुराच्या घरी. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून माहेर तुटलं. नवरा बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला आणि तिथेच गाडला गेला. बाबा तेव्हा दीड वर्षाचे. एक्कावन्नच्या नोव्हेंबरात नदीनं बांध फोडला. आजी बाबांना शालीनं पोटाशी बांधून दोन दिवस छपरावर बसून होती. एर्मेस नावाच्या कोळ्यानं त्या दोघांना होडीत घेतलं आणि इथे, आमच्या गावात आणलं. ती परत गेलीच नाही. तीस वर्षं साखर कारखान्यात बीट धुतलं, परसात बदकं पाळली, बाबांना शिकवलं. बाबा पुढे पाणी उपसण्याच्या केंद्रावर पंप चालवायला लागले. मी नऊ वर्षांची असताना माझी आई वारली. आजी तेव्हा साठीला आली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मला वाढवलं.

पत्त्यांत ती उघड लबाडी करायची आणि पकडलं की हसायची. माळ्यावर कायम एक कुऱ्हाड ठेवायची, पाणी चढलंच तर आतून कौलं फोडून वर निघता यावं म्हणून. दर रविवारी चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची, पण कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला कधीही पुढे गेली नाही. तीन फादर झाले, तिघंही विचारून थकले. लाल झेंड्याच्या काळातली माणसं अशीच, असं आम्ही समजत आलो.

बाबांचं मात्र आज काही खरं नाही. भिंतींवर लावायच्या मृत्यूच्या पत्रकाचा मजकूर द्यायला गेलो, तर म्हणाले नाव नको, वय नको. 'आई गेली. इलारिओ आणि मोरेना,' म्हणजे ते आणि मी, एवढंच छापा. छापखान्यातला माणूस माझ्याकडे बघायला लागला. कुणाची आई ते लोकांना कळायला नको का, म्हणून मी चिडले आणि नाव, वय, फोटो सगळं घालायला लावलं. दुःखानं माणूस असा होतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण आज जत्रेत हरवलेल्या पोरासारखे दिसतात.

१८ जानेवारी, गुरुवार

लिहून ठेवलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी आजीला दर्शनासाठी ठेवलं होतं. पेटी उघडी. तिचा चांगला निळा कोट, हातात जपमाळ. शेजारपाजारचे येऊन जात होते. चारच्या सुमारास एक उंच, ताठ म्हातारी आपल्या मुलीचा हात धरून आत आली. ओळखीची नव्हती. पेटीपाशी गेली, पर्समधून दुसरा चष्मा काढून लावला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली. मला वाटलं, कारखान्यातली जुनी सोबतीण असेल. मग ती वळली आणि तिनं मला विचारलं, "ओर्तेन्सिया कुठे आहे?"

मी म्हटलं, हीच ती.

"ही माझी बहीण नाही."

आवाज अजिबात चढवला नाही तिनं. दुकानात चुकीचं पाकीट हातात दिलं तर सांगावं तसं सांगितलं. मला वाटलं, बिचारी भ्रमिष्ट आहे. तिची मुलगी ओशाळून पुढे आली आणि सांगायला लागली: आईचं नाव नीवेस बेल्लेस्सो, वय सत्त्याऐंशी. पुरानंतर त्यांचं घर बिएल्लाला गेलं, कापडाच्या गिरण्यांत. मोठी बहीण ओर्तेन्सिया इकडेच राहिली आणि तिनं घरच्यांचं नाव टाकलं. बहात्तर वर्षं भेट नाही. काल मुलीला इंटरनेटवर आमचं पत्रक दिसलं. आई म्हणाली, निदान मेलेलं तोंड तरी बघते.

मी म्हटलं, बहात्तर वर्षांनी चेहरा कुणाला ओळखता येतो?

नीवेसनं मला पेटीपाशी बोलावलं. "हात बघ," म्हणाली. "ओर्तेन्सिया सहा वर्षांची असताना कडबा कापायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. मी तोच हात धरून चालायला शिकले. हिची बोटं मोज."

मी मोजली. हे हात मी आयुष्यभर बघितलेत, त्यांनी मला आंघोळ घातली, तरी मी मूर्खासारखी मोजली. पाच आणि पाच.

मग तिनं एक फोटो दाखवला. सायकलला टेकलेली विशीतली मुलगी, डोळे बारीक केलेले, डावा हात पाठीमागे लपवलेला. ती हनुवटी बाबांची आहे. खळीची आणि डावीकडे किंचित वाकलेली. ती जिनेव्राचीही आहे. आणि पेटीतल्या आजीची नाही. कधीच नव्हती. हे मला कधी दिसलंच कसं नाही?

बाबा दाराशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्यांनी काहीच विचारलं नाही. एक खुर्ची उचलून आणली, नीवेसच्या मागे ठेवली आणि म्हणाले, "बसा बाई. लांबून आलात." बधिर झालेत ते. मीही झालेय. नुसती पेटीकडे बघत राहिले. ही बाई कोण आहे?

१९ जानेवारी, शुक्रवार

दफन झालं. थांबवायचं तरी कुणाला सांगून आणि काय सांगून? फादर प्रार्थनेत 'तुझी सेविका ओर्तेन्सिया' म्हणाले आणि मी मान वर करून बाबांकडे बघितलं. नीवेस आत आलीच नाही. धुक्यात, चर्चच्या पायरीवर उभी होती.

नंतर चौकातल्या बारमध्ये तिनं मला बोलावलं. बाबा आले नाहीत, बदकांना दाणा घालायचाय म्हणाले. शेवटची बदकं विकून दहा वर्षं झाली. मी वाद घातला नाही.

नीवेसनं टेबलावर एक जुनं पत्र ठेवलं. हे बहिणीच्या पेटीत टाकायला आणलं होतं तिनं, 'घे तुझं परत' म्हणून. बावन्नच्या मार्चमध्ये आलेलं. पुरानंतर ओर्तेन्सिया मुलासह जिवंत असल्याचं वाचलेल्यांच्या यादीतून कळलं, तेव्हा वडिलांनी राग सोडून लिहिलं होतं: मुलाला घेऊन ये, नाहीतर त्याला तरी आमच्याकडे पाठव. त्याचं हे उत्तर.

चार ओळी आहेत. मी जिवंत आहे. मुलगा बरा आहे. मला घरच्यांबद्दल राग आहे. पुन्हा शोधू नका.

मी शिक्षिका आहे. हजारो अक्षरं ओळखते. पण हे ओळखायला शिक्षिका असण्याची गरज नव्हती. 'मला राग आहे' हे इटालियनमध्ये लिहिताना पहिल्या शब्दातला मुका एच गाळलेला. आयुष्यभर ती तो गाळत आली. मी सातवी-आठवीत असताना तिच्या बाजाराच्या याद्या लाल पेनानं तपासायचे आणि ती म्हणायची, जे ऐकू येत नाही ते लिहायचं कशाला.

"अक्षर वेगळं वाटलं होतं मला," नीवेस म्हणाली. "पंधरा वर्षांची होते. वडील म्हणाले, कुणाकडून लिहून घेतलं असेल. ती डावखुरी होती, म्हणून बोटांमुळे पटलं. मी मोठी झाल्यावर दोनदा लिहिलं. उत्तर नाही. मग मीही अडून बसले. एवढी वर्षं मी तिच्यावर रागावले होते. आणि ती होतीच कुठे?"

मी तिला सांगितलं, हे माझ्या आजीचं अक्षर आहे. खोटं बोलणं शक्य होतं. सुचलं नाही, इतकंच. त्यात काही मोठेपणा नाही.

२२ जानेवारी, सोमवार

एर्मेसकडे गेले. एक्क्याण्णव वर्षांचा आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो, दर रविवारी दुपारी आजीशी पत्ते खेळायचा. मला बघितल्यावर म्हणाला, "आली का मास्तरीण. मी दफनाच्या दिवशीच घर झाडून ठेवलं होतं." मग तासभर तोच बोलला. त्यातलं आठवतंय तेवढं लिहिते.

छपरावर दोन बायका होत्या. ओर्तेन्सिया मुलाला घेऊन जमीनदाराच्या उंच घराकडे पळाली होती. तिथे एक मोलकरीण होती, झीता. अनाथालयातून चौदाव्या वर्षी कामाला लावलेली, थोराड, दणकट. बाकी सगळे आधीच गाडीतून गेले होते, तिला बदकं सांभाळायला ठेवून. दोन दिवस, दोन रात्री पाऊस आणि वारा. ओर्तेन्सियाला ताप भरला. दुसऱ्या पहाटे तिनं शाल सोडून मुलाला झीताच्या पोटाशी बांधलं, तुझं अंग ऊबदार आहे म्हणाली. थोड्या वेळानं तिचे हात सुटले. झीतानं तिचा दंडाकडचा कपडा धरला होता. कपडा फाटला.

एर्मेस एकोणीस वर्षांचा होता. होडी घेऊन पोचला तेव्हा एक बाई आणि एक मूल, एवढंच. इथल्या शाळेत टेबल मांडून कारकून नावं लिहीत होता. त्यानं विचारलं, आईचं नाव? झीतानं मुलाच्या आईचं नाव सांगितलं.

"खरं तेच सांगितलं तिनं," एर्मेस म्हणाला. "त्यानं मान वर न करता ते तिच्या नावावर लिहून टाकलं. आणि ती गप्प बसली. मी शेजारी उभा होतो. मीही गप्प बसलो."

मी विचारलं, का?

"आई नाही म्हटलं असतं तर पोर अनाथालयात गेलं असतं. ती तिथूनच आली होती. मला म्हणाली, तिथे रात्री रडलं तर कुणी येत नाही, म्हणून मुलं रडायची थांबतात."

चार दिवसांनी त्यानंच एक प्रेत पाण्यातून काढलं. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. झीता बघायला आली, बघितलं, काही बोलली नाही. पलीकडच्या गावात 'अनोळखी स्त्री' म्हणून पुरली.

आणि ते पत्र? ते टपालपेटीत टाकायलाही तोच गेला होता. ओर्तेन्सियाच्या वडिलांचं पत्र आल्यावर झीता तीन दिवस जेवली नव्हती. "ते पाप होतं," एर्मेस म्हणाला. "आधीचं नव्हतं. ते होतं. तिलाही ठाऊक होतं." त्र्याहत्तर सालापर्यंत त्यानं तिला तीनदा लग्नाचं विचारलं. प्रत्येक वेळी ती नाही म्हणाली. देवापुढे दुसरीचं नाव सांगून शपथ घेणार नाही, म्हणायची. कम्युनियन घ्यायला जात नसे तेही त्याचसाठी. "मी पत्त्यांवर समाधान मानलं. त्यातही लबाडी करायची ती."

घरी येऊन मी नीवेसला फोन केला आणि सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कबर कुठे आहे?"

बाबांना सांगितलं तेव्हा ते चीज किसत होते. किसत राहिले. "एर्मेसची तब्येत बरी आहे ना?" म्हणाले.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी काढून जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेले. त्या अनाथालयाच्या जुन्या वह्या आता तिथे आहेत. बाईंनी पांढरे हातमोजे घालून पान उघडलं.

मुलगी, अंदाजे तीन दिवसांची, ११ फेब्रुवारी १९२९ रोजी पहाटे दाराशी सापडली. त्या सकाळी जमिनीवर जाड दहिवर गोठलं होतं, म्हणून आडनाव ब्रीना, म्हणजे तेच, गोठलेलं दहिवर. नाव झीता.

म्हणजे सत्त्याण्णव नव्हे, चौऱ्याण्णव. एवढे वाढदिवस आम्ही केले, ते सगळे दुसरीचे. भोपळ्याची भजी, मेणबत्त्या, फोटो. तिच्या स्वतःच्या जन्मतारखेला, फेब्रुवारीतल्या त्या दिवशी, ती काय करत असेल? मला आठवत नाही. आठवण्यासारखं काही करतच नसेल.

पुराच्या वेळी ती बावीस वर्षांची होती. माझी जिनेव्रा बावीसची आहे. लोकरीचा स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये कसा धुवायचा हे विचारायला परवा तिनं मला फोन केला होता.

गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बराच वेळ बसले. तिचा राग येतो. नीवेसच्या आईबापाला लिहिलेल्या त्या चार ओळी डोळ्यांपुढून हलत नाहीत. आणि लगेच वाटतं, ते पत्र तिनं लिहिलं नसतं तर बाबा बिएल्लाला वाढले असते, गिरणीत गेले असते, माझ्या आईला भेटलेच नसते. मी नसते. ज्या खोट्यातून आपण जन्मलो त्याच्यावर रागवायचं तरी कसं? वकिलाला फोन केला तर तो म्हणतो, कोर्टात अर्ज करून नोंदी दुरुस्त होतात, वेळ लागेल. दुरुस्त.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज नीवेस आणि तिची मुलगी पुन्हा आल्या. कबर बघायला. एर्मेसला गाडीतून नेलं, पण थंडीनं त्याचे पाय धरले, म्हणून तो फाटकाशी गाडीतच बसला. जागा त्यानं आम्हाला समजावून सांगितली होती, पण धुकं असं होतं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी, नीवेस आणि तिची मुलगी पाट्या वाचत हळूहळू चाललो होतो. बाबा पुढे गेले. लवकर उरकायचं असेल त्यांना, असं मला वाटलं आणि मी मनातून चिडले.

आम्ही पोचलो तेव्हा ते एका छोट्या, खाली बसलेल्या दगडापुढे उभे होते. 'अनोळखी स्त्री, नोव्हेंबर १९५१'. दगड स्वच्छ होता. शेजारच्या सगळ्यांवर शेवाळ होतं.

नीवेस दगडाकडे बघण्याऐवजी त्यांच्याकडे बघायला लागली. "तुम्हाला कशी सापडली?" तिनं विचारलं. "पाटी वाचायलाही थांबला नाहीत."

बाबांनी बाहीनं दगडाच्या कडेवरचं दव पुसलं.

"किती वर्षं येताय इथे?"

"पन्नास," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी हिशेब करत उभी राहिले. मग कळलं.

ते हळूहळू बोलले, दगडाकडे बघत. चौऱ्याहत्तर साली, लग्नाच्या आधी, आजी पंपघरावर त्यांच्याकडे आली आणि यंत्रांच्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. माझ्या आईलाही ते कधी बोलले नाहीत. दर नोव्हेंबरात दोघं इथे यायचे. तिचे गुडघे गेल्यावर ते एकटेच.

"मी आहे हे सांगितलं होतं तिनं?" नीवेसनं विचारलं.

"हो."

"पत्ता?"

"तुम्ही पासष्ट साली पाठवलेल्या पाकिटावर होता. पाकीट माझ्याकडे आहे."

"मग?"

बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तिला पोलिसांकडे जावं लागलं असतं. लोक तिच्या तोंडावर थुंकले असते. ती जिवंत आहे तोवर नाही, असं मी ठरवलं. मला वाटलं नव्हतं ती एवढं जगेल." मग नीवेसकडे बघून म्हणाले, "आणि तुम्हीही."

"माझी आई ब्याऐंशीत गेली," नीवेस म्हणाली. "शेवटचं वर्षभर पलंग दाराकडे तोंड करून लावायला लावला होता. आठ वर्षं तुला माहीत होतं. एक ओळ लिहायची. खोटं नाव घालून लिहायची. तुमच्या घरात तर ती कला होती."

मग ती खाली बसली. म्हणजे मुलीनं आणि मी धरून बसवलं. तिनं हातमोजा काढला, दगडावर तळवा टेकवला, आणि बहिणीला काहीतरी सांगितलं, त्यांच्या गावच्या बोलीत. मला सगळं कळलं नाही. 'मी उगाच' एवढंच कळलं.

निघताना बाबांनी हात पुढे केला. तिनं तो बघितला आणि गाडीत जाऊन बसली.

५ फेब्रुवारी, सोमवार

बाबांशी बोलणं बंद आहे. जेवण करून ठेवते आणि निघते. मेलेल्या बाईवर रागावून रागावून थकले होते, आता जिवंत माणूस मिळाला.

आठवतंय सगळं. पत्रकावर नाव नको म्हणाले. खुर्ची आणून ठेवली. एर्मेसनं काय सांगितलं हे एकदाही विचारलं नाही. मी सगळ्याला दुःख दुःख म्हणत राहिले. ही वही पहिल्यापासून वाचली आणि लाल पेन घेऊन बसावंसं वाटलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

बाबा स्वतःहून आले. पाथरवटाकडे जाऊन आले होते. आजीच्या दगडावर 'झीता ब्रीना, १९२९–२०२४' कोरायला सांगितलंय. मला विचारलं नाही. बरं केलं. पलीकडच्या दगडावर ओर्तेन्सियाचं नाव घालायचं, पण ते नीवेसच्या संमतीशिवाय नाही. आणि ती फोन उचलत नाही. मुलगी उचलते आणि म्हणते, आई बोलणार नाही.

"तू एक पत्र लिहून दे," बाबा म्हणाले. "तुला चांगलं लिहिता येतं. मी खाली सही करतो."

मी म्हटलं, "या घरातून त्या घराला पुन्हा दुसऱ्याच्या हातचं पत्र जाणार नाही."

त्यांचा चेहरा बघवेना. तरी मी शब्द मागे घेतला नाही. ते दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "मोरेना, मला तिची आठवण येते. रोज. ते चालतं ना?" मी हो म्हटलं. मलाही येते. आजी म्हणून येते, दुसरं काही म्हणून येतच नाही. तिला आता काय म्हणायचं हा प्रश्न फक्त या वहीतच पडतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बाबांकडे गेले तर घर बंद. मोबाईल स्वयंपाकघराच्या टेबलावर, चार्जरला लावलेला. शेजारीण म्हणाली, पहाटेच चांगला कोट घालून स्टेशनकडे गेले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने न सांगता कुठे जायचं? कालव्याकडेही बघून आले, खोटं कशाला बोलू.

एक वाजता फोन वाजला. नंबर बिएल्लाचा.

"तुझा बाप माझ्या दारात उभा आहे," नीवेस म्हणाली. 'कशी आहेस' नाही, काही नाही. "बेल वाजवून वीस मिनिटं झाली. वरच्या खिडकीतून दिसतोय."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं ते तिकडे येणार म्हणून.

"त्याला सांग, मी उघडणार नाही. गाडी चार वाजता आहे परतीची."

मी सांगितलं, त्यांचा मोबाईल इथे राहिलाय, माझ्यासमोरच आहे. मला काही सांगता येणार नाही त्यांना.

मध्यस्थी करावी, त्यांच्या बाजूनं चार शब्द बोलावेत असं वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं? तिचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा. पडदा सरकवल्याचा आवाज आला.

"बर्फ भुरभुरतंय इथे," ती म्हणाली. "नुसता उभा आहे खांबासारखा. टोपीसुद्धा घातली नाही. डोक्यावर केस तरी आहेत का." मग चिडून, माझ्यावर चिडल्यासारखी म्हणाली, "ठेवू नकोस फोन."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, एकेक, थांबत थांबत. जिना असावा. मी स्वयंपाकघरात उभी राहून कानाला फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. कडी निघाली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फार लांबून बाबांचा आवाज, एकच शब्द.

"मावशी."

"आधी बूट पूस," नीवेस म्हणाली.